बोळ न सोडलेली तीन घरं

टुण्... टुण्.

भिंतीच्या आतून आलेला हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा पंचविशीत होतो. हैदराबादेला एका जुन्या साहेबी बंगल्याच्या डागडुजीला गेलो होतो. तिथली खिडकी वर ढकलली की भिंतीत कुणीतरी दोनदा टकटक करायचं. मी थापी टाकली आणि थेट फाटकापर्यंत पळालो!

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकत होतो ते उस्ताद हसून म्हणाले, "ये इकडं. भूत न्हाय, वजन हाय."

चौकटीचं लाकूड आतून पोकळ होतं. त्यात दोरीला लोखंडी वजनं टांगलेली. खिडकी वर गेली की वजन खाली येणार, खिडकी खाली आली की वजन वर जाणार. त्यामुळं एवढी जड खिडकी एका बोटानं उचलली जायची आणि सोडाल तिथं थांबायची. मी दिवसभर तीच खिडकी वर-खाली करत बसलो. उस्तादांनी माझी अर्ध्या दिवसाची हजेरी मांडली!

गवंड्याच्या धंद्यात घर बांधून झालं की परांची उतरते, उरलेली वाळू कुणीतरी उचलून नेतं, मालक ओळख विसरतो. मागं राहतात ते किस्से. ते कुठं ठेवायचे म्हणून मी ते सांगत असतो. मी बोलायला हळू. आमची गंगूबाई म्हणते, "मिस्त्रीनी 'व्हय' म्हणस्तवर माझं एक घमेलं वाळून जातं." तेव्हा दमानं ऐका.

हे सगळे किस्से एकाच कामावरचे आहेत. उमरग्याजवळच्या मुरुम गावातल्या तीन घरांचे.

*

काम सुनंदाताईंचं. ताई म्हणजे मुरुमचीच मुलगी. नर्स होऊन आयर्लंडला गेली आणि वीस वर्षं तिथंच राहिली. वर्षातून एक महिना गावी यायची. या खेपेला मात्र घरांसाठी आठ महिन्यांची रजा काढून आली होती. गावाबाहेर तिच्या नावावर जागा होती, तिथं तिला तीन घरं बांधायची होती. एक स्वतःला, दोन दोघा भावांना.

आमची टोळी चौघांची. मी, माझ्या हाताखालचा गवंडी कल्लाप्पा, सुतार खाजाभाई आणि माल कालवणारी गंगूबाई. ताईंनी मोबाईल पुढं केला. फोटोत विटांची लांबच लांब इमारत. एका उंचीची, एका रेषेतली, सगळ्या खिडक्या सारख्या.

कल्लाप्पा अक्कलकोटकडचा, निम्मा कानडी. त्यानं बराच वेळ फोटो पाहिला आणि विचारलं, "अय्यो, लई मोठी शाळा हाय की! किती वर्ग?"

ताई म्हणाल्या, "शाळा नाही रे. ही घरं आहेत. एकाला एक लागून. प्रत्येक दरवाजा म्हणजे एक घर. मी ह्यातल्याच एका घराच्या वरच्या मजल्यावर राहते."

मग त्यांनी सांगितलं की या घरांना जॉर्जियन म्हणतात. तिकडं एकामागून एक चार राजे झाले, चौघांचं नाव जॉर्ज. त्यांच्या काळातली ही बांधणी.

"चार राजे अन् नाव एकच?" खाजाभाई म्हणाले.

"त्यात काय!" कल्लाप्पा म्हणाला. "आमच्या गल्लीत चार मल्लिनाथ हायत. पण चौघांची चार तऱ्हेची घरं. एकाचंबी दुसऱ्यासारखं न्हाय."

गंगूबाईचं लक्ष खिडक्यांवर. "ताई, खालच्या खिडक्या एवढाल्या अन् वरच्या बारीक, आसं का वो?"

"पूर्वी वर नोकर राहायचे ना," ताई म्हणाल्या.

गंगूबाईनं घमेलं डोक्यावर घेतलं. "म्हंजे गरिबाला तिकडंबी हवा कमीच!"

*

आता भावांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

थोरले बसवराज, म्हणजे बसूअण्णा. त्यांचं धान्याचं आडत दुकान. धाकटा महादेव, म्हणजे महादू, शेती बघायचा. दोघांच्या शेतांच्या बांधावर एक चिंच होती. एका दिवशी ती तोडलेली दिसली. अण्णा म्हणाले महादूनं तोडली, महादू म्हणाला अण्णांनी. त्याला दहा-बारा वर्षं झाली. बोलणं बंद, आणि पाणीही बंद. आमच्याकडं पाणी बंद म्हणजे शेवटचं. तहानेनं जीव गेला तरी त्या घरचा घोट घ्यायचा नाही.

मी एकदा ताईंना विचारलं, "तीन घरं चिकटूनच का पायजेत? जागा तर भरपूर हाय."

ताई हसत सांगत होत्या, पण डोळे हसत नव्हते. "काका, दर वर्षी मला एक महिन्याची सुट्टी मिळते. एक दिवस अण्णाकडं जेवायचं, एक दिवस महादूकडं. अण्णाकडं गेलं की महादूची बायको रुसते. तिच्याकडं गेलं की थोरली वहिनी. मागच्या वर्षी तर एकाच दिवशी दोन्हीकडं पुरणपोळी! मी तिकडं ज्या ओळीत राहते ना, तिथं भिंतीपलीकडची म्हातारी खोकली तरी मला कळतं. मी तिच्या घरी कधी गेले नव्हते, पण एक दिवस खोकला ऐकू आला नाही म्हणून गेले. तेव्हापासून आमचं येणं-जाणं आहे. मला एवढंच पाहिजे, एक दिवस दोघा भावांबरोबर एका वेळी जेवायचं."

म्हणून अण्णांचं घर डावीकडं, महादूचं मधे आणि ताईंचं उजवीकडं. ताई मधे राहणार असं दोघांनीही धरलं होतं. ताईंनी त्यांना खरं सांगितलं ते पाया भरल्यावर!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, मधी हातभर बोळ सोडा. त्याची भिंत येगळी, माझी येगळी. आन् हे मी सांगितलं म्हून सांगू नका."

दुपारी महादू आला. मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, मधी हातभर बोळ सोडा. आन् हे मी सांगितलं म्हून सांगू नका."

आमच्या भागात वाटणी झालेल्या भावांच्या घरांमधे असा बोळ असतोच. त्यात माणूस जात नाही, झाडू जात नाही. मांजर तेवढं जातं. अशा बोळांना मी जन्मभर भिंती बांधत आलोय. मी दोघांनाही "बघतो" म्हणालो.

संध्याकाळी ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, "भिंत एकच. नऊ इंची. दोघांची मिळून."

मी म्हणालो, "ते दोघं आयकायचे न्हायत."

"मग त्यांना एकत्र येऊन माझ्याशी भांडायला सांगा."

ते मात्र दोघांनाही जमण्यासारखं नव्हतं!

*

ताईंना वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या पाहिजे होत्या. म्हणजे माझ्या त्या टुण् टुण्वाल्या. मला इतका आनंद झाला की मी लगेच "व्हय" म्हणालो. गंगूबाई माझ्याकडं बघतच राहिली.

खाजाभाईंनी सागवानाच्या खिडक्या झकास केल्या. पण आत टांगायला वजनं कुठून आणायची? खाजाभाई म्हणाले, "मिस्त्री, खिडक्या बन गये. अब वजन क्या आसमानसे उतरेंगे?"

मला आठवलं, अण्णांच्या दुकानात आता इलेक्ट्रिक काटा आलाय. जुनी पाच-पाच किलोची लोखंडी वजनं कोपऱ्यात गंज खात पडलेली. मागितली तर अण्णा म्हणाले, "घेऊन जा. बाजारात इज्जत व्हती त्यांची. निदान घरात तरी राहू द्या."

वजनं जाडजूड, म्हणून चौकटी रुंद कराव्या लागल्या. पण बसली. अण्णांच्या खिडक्यांना लागून उरली, ती आम्ही ताईंच्या आणि महादूच्या खिडक्यांना लावली. महादूला ती कुणाची ते सांगायचं राहून गेलं.

महादू खिडक्या बघायला आला. एका बोटानं खिडकी वर केली. टुण्. खाली घेतली. टुण्. लहान पोरासारखा हसला. "वा! काय हलकी हाय वो! वजनं कुठनं मिळवली?"

कल्लाप्पा विटा मोजायला लागला. खाजाभाईंनी रंध्याची धार बघितली. मी ओळंबा सोडला, भिंत नव्हती तिथं.

गंगूबाई म्हणाली, "जुनी हायत मालक. पन इमानी हायत. कधी कमी भरली न्हायत."

*

पश्चिमेकडं एवढ्या मोठ्या काचा लावल्यावर एप्रिलमधे काय होणार ते आम्हाला दिसत होतं. कोण बोलणार? गंगूबाईच बोलली. "ताई, तिकडं ऊन बोलवावं लागतं. हितं हाकलावं लागतं."

ताईंनी त्याच दिवशी आतून लाकडी झडपा करायला सांगितल्या. त्या म्हणाल्या, "तिकडच्या घरांनाही असतात. मी विसरलेच होते."

तेवढ्यावर भागलं नाही. कडेच्या भिंतीवर त्यांना एक खोटी खिडकी पाहिजे होती. चौकट सगळी, पण काचेच्या जागी विटा. दिसायला सारखं दिसावं म्हणून.

खाजाभाईंना ते पटेना. "ऐसी खिडकी कायकू, जिसमेंसे हवा नै आती?"

ताईंनी सांगितलं, तिकडं पूर्वी खिडक्या मोजून कर लावायचे. जास्त खिडक्या, जास्त कर. म्हणून पुष्कळांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. काही नुसत्या शोभेसाठीही तशा ठेवायचे.

नेमका त्याच वेळी घरपट्टीची मोजणी करणारा माणूस फाटकात उभा होता. वही काखेत, कान इकडं.

खाजाभाईंनी हातोडी खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "ताई, आहिस्ता बोलो. इनकू ये खयाल अबतक नहीं आया!"

*

दरवाजावर अर्धगोल काच बसवायची होती. आत उजेड यावा म्हणून. त्यात पंख्यासारख्या बारीक पट्ट्या. आमच्या टोळीत तिचं नाव पडलं 'अर्धी भाकरी'. "मिस्त्री, अर्धी भाकरी बसवू का?" "अर्धी भाकरी तडकली की वो!" असं चालायचं.

अण्णा एकदा बघायला आले. "अर्धीच का? मी एवढा मोठा आडत्या. माझ्या दरवाजावर पुरी गोल बसवा."

ताई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "अण्णा, अर्ध्या भाकरीवर मी दहा वर्षं काढली. अर्धी तुझ्याकडं, अर्धी महादूकडं."

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. अर्धीच बसवली!

*

आणि एका लोखंडी पट्टीची गोष्ट. प्रत्येक दरवाजाच्या पायरीशी ताईंनी जमिनीत एक लोखंडी पट्टी बसवून घेतली. दोन पायांवर आडवी. बुटाचा चिखल खरवडायला. तिकडं प्रत्येक दारात असते म्हणे.

सकाळी येऊन बघतो तर तिन्ही पट्ट्यांना तीन शेळ्या बांधलेल्या!

कल्लाप्पा चिडला. गंगूबाई शेळ्या सोडायला धावली, कारण त्या तिच्याच होत्या. ताई मात्र पायरीवर बसून पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "राहू दे गं. तीनशे वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याचा बरोबर उपयोग केलाय."

*

आता त्या मधल्या भिंतीचं.

भिंत उभी राहिली. मी काही कामाला उमरग्याला गेलो होतो. मी नसताना अण्णा आले आणि कल्लाप्पाला म्हणाले, "माझ्या बाजूला देवळी कोर. मागच्या कोपऱ्यापासून तीन हात, छातीच्या उंचीला. आमच्या आईची देवळी तशीच व्हती." कल्लाप्पानं दुपारपर्यंत पाच इंच खोल देवळी, म्हणजे देवाचा दिवा ठेवायचा कोनाडा, कोरली.

मी तिसऱ्या प्रहरी परतलो. महादू माझीच वाट बघत त्याच्या घरात उभा. "मिस्त्री, हितं एक देवळी कोरा. मागच्या कोपऱ्यापासून तीन हात, छातीच्या उंचीला. आमच्या आईची देवळी तशीच व्हती."

मला वाटलं, किती मायेचा माणूस. छिन्नी घेतली आणि लागलो कोरायला. चार इंचांवर गेल्यावर छिन्नी एकदम सैल झाली. दोन तुकडे पलीकडं पडले.

मी भोकातून पाहिलं. पलीकडून बसूअण्णांचा डोळा माझ्याकडं बघत होता!

ते आपली देवळी हात फिरवून बघत होते. मी बाजूला झालो, तर महादू पुढं आला काय झालं बघायला. आणि दोघा भावांची तोंडं समोरासमोर. वीतभर अंतरावर. दहा-बारा वर्षांत इतक्या जवळून पहिल्यांदा. महादूच्या भुवया पिकल्यात हे अण्णांना तेव्हाच दिसलं असणार. अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हे महादूला.

कुणी हलेना.

मग महादू भोकातून सरळ अण्णांकडं बघत म्हणाला, "मिस्त्री, त्यास्नी सांगा, हितं देवळी माझी ठरली व्हती."

अण्णा भोकातून सरळ महादूकडं बघत म्हणाले, "मिस्त्री, त्याला सांगा, आईची देवळी थोरल्याकडं असती."

मी तर आता भोकात नव्हतोही. बाजूला छिन्नी धरून उभा होतो. मी सांगितलं, "आयकलं त्यांनी."

"आयकलं का? मग बुजवा म्हणावं," अण्णा म्हणाले.

"बुजवा म्हणत्यात."

"आमीबी तेच म्हणतोय!" महादू म्हणाला.

गंगूबाई दारातून म्हणाली, "देव एक, जागा एक, भोकबी एकच. आता बुजवता कशाला? दोघांनी मिळून एकच दिवा लावा, तेल तरी वाचंल!"

दोघंही तिच्याकडं असे बघायला लागले की ती घमेलं टाकून पळाली.

शेवटी मी मधे एक वीट उभी बसवली. दोन्हीकडं उथळ अशा दोन देवळ्या झाल्या. ती वीट मी सिमेंटमधे बसवली नाही. मातीत बसवली. कल्लाप्पानं विचारलं, "मिस्त्री, सिमेंट तर हाय की?"

मी म्हणालो, "दिसलं न्हाय."

*

ताईंची सुट्टी संपत आली म्हणून रंगाच्या आधीच घरभरणी उरकायची ठरली. दरवाजे अजून कोरे, तिन्ही सारखे, पायऱ्या सारख्या, अर्ध्या भाकऱ्या सारख्या.

पूजा सांगायला आमचे जंगम स्वामी यायचे होते. अण्णांकडं आठला, महादूकडं अकराला. अण्णा नवं धोतर नेसून, हार घेऊन आत पाटाशी बसलेले. आठ वाजले, नऊ वाजले, स्वामींचा पत्ता नाही. अण्णांच्या घरात घंटेचा आवाज मात्र ऐकू येत होता. मातीतल्या विटेतून!

अण्णा बाहेर आले. बघतात तर स्वामी महादूच्या घरात, पूजा निम्म्यावर. मधल्या दरवाजातून शिरले आणि समोर पाट दिसला म्हणून बसले. महादूनंही, तीन तास लवकर का होईना, स्वामी आले म्हणून काही विचारलं नाही.

अण्णा उंबऱ्याबाहेर थांबले. आत पाय टाकायचा नाही. बाहेरूनच ओरडले, "स्वामीजी, हे माझं घर न्हाय!"

स्वामींनी मान वर केली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणाले, "सगळी दारं सारखी केल्यावर माणूस चुकनारच. देव न्हाय चुकला. ज्याचं घर हाय त्यालाच पावला असंल." आणि पुढची ओळ म्हणायला लागले.

त्या दिवशी ताईंनी आपल्या नव्या घरात स्वयंपाक केला. दोघांना एकाच वेळेचं आमंत्रण, एक वाजताचं. तीन पानं मांडली. अण्णा साडेअकराला आले, जेवले, गेले. महादू तीनला आला, जेवला, गेला. ताई दोघांबरोबरही बसल्या. म्हणजे एकाच दिवशी दोनदा वाढलं, पण स्वतः जेवल्या नाहीत. तिसरं पान त्यांचं स्वतःचं, ते तसंच होतं. मी कडीकोयंडा बसवत होतो. ताईंनी आणखी एक पान मांडलं आणि मला म्हणाल्या, "काका, तुम्ही बसा."

मी बसलो. मी एवढं हळू जेवतो, पण त्या दिवशी ताईंचं पान माझ्यानंतरही तसंच होतं.

*

ताई विमानाला जायच्या आधी तिन्ही दरवाजांना तीन वेगळे रंग द्यायला सांगून गेल्या. तिकडंही घरं सारखी म्हणून दरवाजे वेगवेगळ्या रंगांचे असतात. पिऊन आलेल्याला आपलं घर सापडावं म्हणून, असं लोक गमतीनं म्हणतात म्हणे.

कुठले रंग ते मात्र ठरवले अण्णांनीच. घरभरणीचा राग गेला नव्हता. रंगारी कामाला लागला तसे ते खुर्ची टाकून समोर बसले. स्वतःचा निळा. "आजून गडद. आजून." ताईंचा लाल. महादूला काही विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण अण्णा त्याच्याशी बोलत नव्हते. ते माझ्याशी बोलले.

"मिस्त्री, त्याला पिवळा द्या. हळदीसारखा. आगदी मुरुमच्या येशीवरनं दिसला पायजे. म्हंजे कुणाचा चुकून पाय पडायला नको."

"महादूला आवडंल का?"

"न आवडू दे. मला दिसला पायजे. ऑपरेशन झाल्यापासनं मला बांधावरची मुंगीबी दिसती."

पिवळा दिला. महादूनं बघितला आणि म्हणाला, "झकास!" त्याला कुणी सुचवला ते सांगायचं राहून गेलं. या कामावर माझं बरंच काही सांगायचं राहून गेलं.

दोन्ही कुटुंबं राहायला आली. ताईंचा दर रविवारी फोन. खिडक्या कशा आहेत, झडपा लागतात का, लाल दरवाजाचा रंग उडाला का, असं सगळं विचारून झालं की थोडं थांबून विचारायच्या, "काका, काही झालं का?"

मी म्हणायचो, "न्हाय ताई. आजून न्हाय."

"देवळीतली वीट?"

"हाय जागेवर."

मग त्या "बरं" म्हणायच्या. दर वेळेला ते "बरं" जरा लहान व्हायचं.

*

शेवटचा एक सांगतो आणि थांबतो.

मार्च संपत आला होता. महादूच्या पुढच्या खिडकीची दोरी तुटली म्हणून मी दुरुस्तीला गेलो. दुपारची वेळ, बाहेर उन्हाचा भडका. झडपा ओढलेल्या, आत थंड. मी खाली बसून चौकटीतून वजन बाहेर काढलं होतं. महादू समोर उभा राहून जुनी दोरी सोडवत होता. त्याची बायको आत भाकरी थापत होती.

दरवाजा उघडला. बसूअण्णा आत आले.

डोक्यावर टोपी, हातात दुकानाच्या किल्ल्या. घामानं सदरा चिकटलेला. चपला त्यांनी उंबऱ्याबाहेरच काढल्या होत्या. सरळ येऊन भिंतीकडच्या खुर्चीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोळे मिटले आणि आपल्या घरात म्हणावं तसं म्हणाले,

"पाणी आन गं."

आतला भाकरीचा आवाज थांबला.

मी महादूकडं बघितलं. महादू माझ्याकडं. त्याच्या हातात दोरी तशीच. मला वाटलं, आता हा म्हणणार, "मिस्त्री, त्यास्नी सांगा..."

पण त्यानं दोरी खाली ठेवली, आत गेला. माठावरचं झाकण वाजलं. तो तांब्या-भांडं घेऊन बाहेर आला आणि स्वतःच अण्णांच्या समोर धरलं. तांब्यावर भांडं किणकिणत होतं.

अण्णांनी डोळे उघडले. तांब्या बघितला. मग तांब्या धरलेला हात. मग वर तोंडाकडं.

मी हातातलं वजन चौकटीत सोडलं, कारण ते धरून माझा हात भरून आला होता. ते लाकडावर आपटलं. टुण्.

अण्णांनी तिकडं नजर टाकली. ते वजन त्यांनी ओळखलं असणार. चाळीस वर्षं वापरलेलं.

मग त्यांनी भांडं बाजूला सारलं आणि तांब्याच उचलला. मान वर करून, धार धरून प्यायला लागले. निम्म्यावर थांबले, श्वास घेतला, पुन्हा प्याले. तळाला राहिलेला घोटसुद्धा. रिकामा तांब्या त्यांनी महादूच्या हातात दिला. जमिनीवर ठेवला नाही. हातात दिला.

टोपी घातली. किल्ल्या उचलल्या. उंबऱ्यावर वाकून चपला पायात सरकवल्या. बाहेर कडक ऊन होतं आणि त्यात तो हळदीसारखा पिवळा दरवाजा डोळ्यांना खुपत होता. अण्णांनी त्याच्यावर एकदा तळहात फिरवला, रंग वाळलाय का बघतात तसा. मग तो हलकेच ओढून घेतला आणि आपल्या निळ्या दरवाजाकडं निघून गेले.